सुरमईच्या वासाचं जॅकेट

६ एप्रिल
माझं आयुष्य आज दुपारी बदललं. बिल्डिंगखालच्या ग्रोसरीत आइस्क्रीमच्या फ्रीजरचं झाकण उघडून नुसताच उभा होतो. मागून आमच्याच बिल्डिंगमधली मुग्धा म्हणाली, तुला थंडी सोसते वाटतं! मग म्हणाली, आमचा जॉर्जियाचा ग्रुप आहे, शेवटच्या बर्फात स्की टूरिंग आणि टेंट. एकाचं कॅन्सल झालंय, येतोस का? एवढी माणसं दुबईतल्या आमच्या डिस्कव्हरी गार्डन्समध्ये, आणि तिनं मलाच विचारलं. स्की येतं का, हेही विचारलं. म्हटलं, लहानपणापासून. (मॉलमधल्या बर्फात वाढदिवसाला ट्यूबवरून घसरलो होतो. तेव्हा लहानच होतो.)
ठराव: डोंगरमाथ्यावर तिला सगळं सांगायचं.

७ एप्रिल
बाबा म्हणाले, इंजिनिअरिंग अर्धं, ड्रायव्हिंग क्लास अर्धा, आता डोंगरही अर्धाच चढून ये. मी शांतपणे खोलीत गेलो. दार जरा जोरात लागलं. एसीचा वारा. आई म्हणते, बिजागरी परत निघाली.
प्लेस्टेशन विकला. खलास. आता माघार नाही.

९ एप्रिल
यूट्यूबवर अभ्यास. स्की टूरिंगला लिफ्ट नसते. स्कीच्या तळाला केसाळ पट्ट्या लावून डोंगर चढायचा, मग पट्ट्या काढून घसरत यायचं. म्हणजे मुख्यतः चालणं. चालता मला येतं. खरा शत्रू थंडी. आणि एप्रिलमध्ये थंडी कुठे मिळते, ते मला माहीत आहे.

१० एप्रिल, शारजा
माझा दोस्त नोमान. त्याच्या अब्बांचं, खैरुद्दीनचाचांचं, इंडस्ट्रियल एरियात फ्रोझन मासळीचं कोल्ड स्टोअर आहे. आत उणे अठरा. चाचा मूळचे रत्नागिरीचे. म्हटलं, रोज आत बसून ट्रेनिंग करायचंय. म्हणाले, बस की बाबा, पण बसल्या बसल्या खोके रच.
सुरमई आणि बांगड्याच्या मधोमध टेंट लावला. पुष्कळ वेळ बसलो. नोमान म्हणतो सात मिनिटं. त्याचं घड्याळ गारठलं असणार.
तिथलं दार मात्र विचित्र. वीतभर जाड, रुळावरून ढकलत न्यायचं, शेवटी खटका बसवायचा. कोणाला वेळ आहे? तसंच सोडून निघालो. चाचा मागून ओरडले, दार लाव रे! थंडी काय तुझ्या बापानं भरलीय?
डोकं तापलं. पण जॉर्जियाला त्यांचंच जाड जॅकेट न्यायचंय.

१८ एप्रिल
ट्रेनिंग पूर्ण. चाचा म्हणाले, रचतोस बरा, कामाला ये. मी नुसता हसलो. हिमशिखरावरून उतरलेला माणूस बांगडे रचणार?
बॅग भरली. गॉगल आणि सनस्क्रीन बाहेर काढून ठेवलं. जन्मभर ऊन खाल्लं. निदान बर्फात जाताना तरी ऊन दुबईत राहू दे.

२४ एप्रिल, जॉर्जिया, सकाळ
थंडी नाही! खाली नुसता चिखल. आमचा लीडर सिद्धांत म्हणाला, सीझन संपलाय, बर्फ लागेपर्यंत स्की खांद्यावर. मुग्धा टी-शर्टवर चाललीय. मी जॅकेट काढलेलं नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे. खालच्या गावातला मेंढपाळाचा अस्वलाएवढा कुत्रा माझ्या मागे लागलाय. सिद्धांतनं माझ्याजवळ येऊन हुंगलं आणि विचारलं, डब्यात मासे आणलेस का? हाणामारी होता होता राहिली. मुग्धा मध्ये पडली. माझ्यासाठी.

२४ एप्रिल, संध्याकाळ (एकाच डोळ्यानं लिहितोय)
बर्फ लागला. स्कीही बऱ्यापैकी जमलं, पडण्याच्या मधल्या काळात. पण ऊन! वरून ऊन, खालून बर्फावर आपटून पुन्हा ऊन. तोंड भाजलं, डोळ्यांत मिरची गेल्यासारखं. सिद्धांत म्हणाला, गॉगल नाही? आणि तू दुबईचा? मला टेंटमध्ये आडवं केलं. मुग्धानं डोळ्यांवर ओला रुमाल ठेवला, म्हणाली हलू नकोस. बाकीचे माथ्यावर गेले.
आणि मग ती परत आत आली! बोलली नाही. अगदी चिकटून बसली. श्वास ऐकू येत होता. माथा राहिला तर राहिला, म्हटलं, आत्ताच. सगळं सांगितलं. फ्रीजरपासून. तू म्हणशील तर कॉलेजही पुरं करीन, म्हटलं. हात हातात घेतला. केसाळ हातमोजा घातला होता. हात काढला नाही, उलट डोकं माझ्या छातीवर टेकलं.
होकार!

२५ एप्रिल
मुग्धा आत आलीच नव्हती. ती बाहेर स्टोव्हवर मॅगी करत होती. तिनं सगळं ऐकलं.
आत आला होता तो कुत्रा.
सकाळी शेजारी येऊन बसली. हसली नाही, खांदे तेवढे हलत होते. म्हणाली, नाही रे वेदांग. माझ्याकडून नाही. त्याचं मात्र नक्की हो आहे. मग उतरताना घाल म्हणून स्वतःचा गॉगल काढून दिला.
मी ताडकन बाहेर पडणार होतो. टेंटची चेन अडकली. तिनंच उघडून दिली.

२८ एप्रिल, शारजा
नाक सोलतंय. जॅकेट परत करायला गेलो. चाचांना सांगायचं नव्हतं, सांगितलं. ते टेबलावर थापा मारत हसले. म्हणाले, जनावराला माल कळतो बघ! इतक्या दिवसांत मलाही पहिल्यांदा हसू आलं. मग म्हणाले, कंटेनर आलाय, खोके लाव.
मी भडकलो. म्हटलं, मी हमाल नाही. चाचा म्हणाले, बरं, जॅकेट खुंटीला टांग आणि जा.
टांगायला आत गेलो. कोणीतरी बांगडा सुरमईवर रचला होता. सगळा थर कलला होता. असं रचतात? उतरवला. नीट लावला. मग शेजारचा. नोमान चहा घेऊन आला तेव्हा आठवलं, आपण रागावलोय.
निघालो बाहेर. दार आपटायचंच म्हणून दोन्ही हातांनी धरलं. ते आपल्याच चालीनं निघालं. ढकलत राहिलो. शेवटी खटका बसला.
चाचा ओरडले नाहीत.