डोक्याखालचा आकडा

४ नोव्हेंबर, मंगळवार

— केर काढला, दूध तापवलं, पडदे सारले, मग चित्रांवरची धूळ झटकली. कालची सकाळ रोजच्यासारखीच होती. ह्यांनी जमवलेली निसर्गचित्रं सगळी इकडचीच. आपली नदी, आपले डोंगर, रंगवणारेही आसपासचेच. त्यांची मला भीती नाही. भीती फळीवरच्या आफ्रिकन मूर्तींची. भाजलेल्या मातीच्या, कित्येक शतकांपूर्वीच्या! मऊ ब्रशने झटकायच्या, बस्स. "पाण्याचा थेंब लागता कामा नये," हा ह्यांचा नियम. हे गेल्यावरही मी तो मोडला नव्हता.

त्यांतली एक म्हणजे मानेपर्यंतचं नुसतं मोठं डोकं; काल त्यावर पालीची घाण दिसली. ओल्या फडक्याने पुसलं — मडकं पुसावं तसं! बुडाचा रंग फडक्याला लागला. उलटं करून पाहिलं. तपकिरी रंगाखाली पांढरा पट्टा, त्यावर काळ्या शाईने आकडा.

५ नोव्हेंबर

ह्यांची पुस्तकं काढून बसले. शब्दकोश मांडीवर घेऊनच मी ती वाचायला शिकले. "आता तू मलाच शिकवणार," असं हसायचे.

सापडलं. संग्रहालयात वस्तूवर आकडा असाच घालतात — पांढरा पट्टा, काळी शाई.

म्हणजे हे डोकं कुठल्यातरी संग्रहालयातलं. आकडा रंगाखाली लपवलेला, म्हणजे चोरीचं. आणि इतकी वर्षं आम्ही त्याच्यासमोर बसून जेवलो!

६ नोव्हेंबर

पाणी लावू नकोस, हे मातीसाठी म्हणाले, की आकड्यासाठी?

८ नोव्हेंबर, शनिवार

जुन्या वस्तूंचा तो दलाल आला — मी त्याला अत्तरवाला म्हणते. ह्यांना सगळ्या मूर्ती त्यानेच आणून दिल्या. माणूस जिन्यात असतो तेव्हाच त्याचं अत्तर घरात येतं. आकडा झाकायला बुडाला मी बुटाचं पॉलिश चोपडून ठेवलं होतं. दुसरं काही सुचलंच नाही.

"वहिनी, ते मोठं डोकं मला परत द्या. तुम्हाला कुठे आवडतं! बदल्यात हे घ्या."

त्याने चित्रावरचा कागद सोडला. माझ्या माहेरची नदी! तेच वळण, तोच काळा खडक. ह्या खडकावर बसून मी धुणं धुतलंय. डोळ्यांत पाणीच आलं.

तेवढ्यात त्याने डोकं उलटं केलं. अंगठा फिरवला. हुंगलं.

"पाणी लावलंत?"

"छे!"

"नका लावू. दादांना चार लोक मानायचे. ते मानतायत तसंच मानू देत. काय?" आवाज अगदी मऊ होता. "बुधवारी येतो न्यायला." चित्र मुद्दाम इथेच ठेवून गेला.

९ नोव्हेंबर

नणंदेला बोलावून सगळं सांगितलं. आधी हसली — "दादा तुझ्यापेक्षा त्या मडक्याशीच जास्त बोलायचा!" मग तिचाही चेहरा उतरला.

"वहिनी, देऊन टाक. ब्याद जाऊ दे घरातून. बोभाटा झाला तर दादा काय उत्तर द्यायला येणार आहे? मेलेल्याला तोंड नसतं, आणि लोकांना शंभर असतात."

खरं आहे तिचं. ह्यांच्याकडे नाव सोडून आता उरलंय तरी काय?

दाराची कडी दोनदा तपासली.

१० नोव्हेंबर

फोन वाजतो. उचलला की पलीकडे कुणी बोलत नाही.

नदीचं चित्र भिंतीला टेकवून ठेवलंय. जाता-येता बघते. फार आवडतंय — ह्याचीच जास्त भीती वाटते.

दुपारी डोकं मांडीवर घेतलं. मानेच्या आत, ओल्या मातीत दाबलेलं बोट अजून दिसतं. कुणाचं असेल? माझं बोट त्यात नीट बसलं. त्या संग्रहालयातल्या फळीवर ह्याची जागा रिकामी असेल. शाळेची मुलं येऊन बघत असतील.

मग ते आठवलं. नको होतं आठवायला.

कॉलेजातले लोक यायचे, तेव्हा हे प्रत्येक मूर्ती त्यांच्या हातात द्यायचे. "उलटी करून बघा, खालूनच खरं कळतं!" हे डोकं मात्र कधी कुणाच्या हातात दिलं नाही. "नाजूक आहे," म्हणायचे. मला वाटायचं, माया.

११ नोव्हेंबर

उद्या बुधवार.

ह्यांच्या फोटोपुढे उभी राहून खूप भांडले. मोठ्याने. शेजारणीने दार वाजवलं — "कोण आलंय हो?" "कुणी नाही," म्हटलं.

१३ नोव्हेंबर

काल उजाडताच डोकं उशीच्या अभ्र्यात गुंडाळलं, नदीचं चित्र काखेत मारलं आणि शहरातल्या संग्रहालयात गेले. तिथल्या बाईंना पॉलिश पुसून आकडा दाखवला. चित्र कुणी दिलं, कशासाठी दिलं, तेही सांगितलं.

त्यांनी ह्यांचं नाव विचारलं. आडनावासकट सांगितलं. त्या लिहून घेईपर्यंत थांबले.

"त्यांना माहीत होतं का, हे चोरीचं आहे?"

"होतं," म्हटलं.