पेडच्या देवळात जायचं राहिलं

रस्मिनीताई, धाकट्या दर्साचा नमस्कार घे.

पत्र टाळत होतो, कारण खरं लिहायची भीती वाटत होती. मी बरा आहे, पोटभर जेवतो. तुझी गाय व्याली का?

पेनिदा बेटावर उतरलं की आधी पेडच्या देवळात जाऊन बेटाच्या मालक देवाची परवानगी घ्यायची, हे आपल्या बालीत शेंबडं पोरही जाणतं. मी मात्र धक्क्यावरून थेट बेट बघायला आलेल्या पाहुण्यांच्या गाडीवर चालक म्हणून बसलो. राजाच्या काळी इथं गुन्हेगार आणून सोडायचे, तेसुद्धा आधी देवळात गेले असतील! तू आलीस तर सकाळची बोट धर, दुपारी समुद्र चढतो.

परवा कड्याखाली एका पाहुणीला लाटेनं ओढलं. मी तिला बाहेर काढलं, ती वाचली. पण पाण्यानं माझाही पाय धरला होता, ताई, हातानं धरावा तसा.

घरमालकीण इबू केर्ती म्हणाली, "अजून गेला नाहीस? न विचारता दुसऱ्याच्या घरात शिरलास आणि वर जेवतोयस!"

"आता कुठल्या तोंडानं जाऊ?"

"आहे त्याच!"

उद्या त्याच कड्याखाली पाहुण्यांची लहान मुलं घेऊन उतरायचंय.

थांब, दाराशी कुणीतरी ओकतंय. अगं, बाबा! जन्मात बोटीत न बसलेले आपले बाबा! चेहरा पांढराफटक, हातात नैवेद्याची टोपली. इबूनंच कळवलं असणार.

म्हणतायत, "ऊठ. मलाही परवानगी घ्यायचीय."

निघतो.

दर्सा