शेजारणीकडची चावी

रविवार, ८ मार्च, दुपार

प्रिय छोट्या,

तुला आणि वहिनीला खूप खूप आशीर्वाद. पत्र पोचलं. मी बरी आहे, गुडघाही आता कुरकुरत नाही. वहिनीला जड काही उचलू देऊ नकोस. या दिवसांत बायका ऐकत नाहीत. फोनवर बोलण्यासारखं नाही म्हणून लिहायला बसले.

इथल्या कारखान्याने तुला घेतलं, आनंद झाला. तू विचारलंस, गाव अजून तसंच आहे का. बाबा म्हणायचे, "त्या गावात परक्याने पाणी प्यावं, बूड टेकू नये." आणि वहिनीच्या लोकांना तर इथे पाणीही कोणी विचारत नसे, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो.

गाव ओळखू येणार नाही इतकं वाढलंय. कारखान्यामागे तीनमजली इमारती उठल्या. शाळेला दुसरी पाळी सुरू करावी लागली. मी कामाला आहे त्या चष्म्याच्या दुकानात पूर्वी जो येई त्याची आईसुद्धा मालकांच्या, आमच्या काकांच्या, ओळखीची असे. आता काका नाव विचारतात, ऐकू आलं नाही तर परत विचारतात. मी इथे आल्यापासून मला कोणी वाकडा शब्द बोललेलं नाही. हे खरं आहे. आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं लिहिताना मीच विसरायला नको.

इथली एक रीत आहे. प्रत्येक घराची दुसरी चावी शेजारी असते. आपण द्यायला जायचं नसतं, शेजारी मागतो. "असू दे आमच्याकडे, वेळ काही सांगून येत नाही." माझ्या शेजारी एक निवृत्त शाळामास्तरीण राहतात, सगळे त्यांना बाईच म्हणतात. त्यांनी मी आले त्याच आठवड्यात चावी मागितली. मला काय बरं वाटलं म्हणून सांगू. गेल्या हिवाळ्यात तापाने मी अंथरुणातून उठू शकत नव्हते. बाई त्या चावीने आत आल्या, डॉक्टर आणला, ताप उतरेपर्यंत उशाशी बसल्या. त्या नसत्या तर तुला हे पत्र लिहायला मी नसते.

समोरच्या घरात एक जोडपं राहायला आलं. तो कारखान्याची गाडी चालवतो. ती वहिनीच्या लोकांतली आहे. त्यांच्याकडे चावी कोणी मागितली नाही. वाईटही कोणी बोललं नाही. बाई तिला बघून हसतात. ती दुकानात आली तेव्हा काकांनी खूप निगुतीने तिचे डोळे तपासले, काचा बदलून बदलून अक्षरं वाचायला लावली. ती गेल्यावर त्यांनी तिच्या डोळ्यांवर चढवलेली तपासणीची चौकट पुसली. मग परत पुसली. एरवी एकदाच पुसतात. की एरवीही परत पुसतात? मी कधी लक्षच दिलं नव्हतं. आता सगळ्याच गोष्टींकडे लक्ष जातं, आणि कशाचाच भरवसा वाटत नाही.

परवाच्या सोमवारी ती माझ्या दारात आली. "ताई, इथे म्हणे चावी शेजारी ठेवतात. आमची ठेवाल?"

मी घेतली.

लगेच मंगळवारी बाई कुंपणाशी उभ्या.

"समोरच्यांची चावी तुमच्याकडे आहे म्हणे."

"हो."

"चांगलं केलंत. पण जबाबदारी असते हो. उद्या काही इकडचं तिकडे झालं, तर नाव कुणाचं येणार?"

"काय होणार इकडचं तिकडे?"

"तेच म्हणते मी. नसती ब्याद कशाला गळ्यात? आणा इकडे, मी देते तिला परत. तुम्हाला सांगायला अवघड जायचं."

मी म्हटलं, बघते.

"बघा," बाई हसल्या. "चष्म्याच्या दुकानात असता, तुम्हाला नीट दिसेल."

गुरुवारी मी कामावरून आले. दार मी ओढून घेतलं होतं तसंच लागलेलं. आत, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, माझीच दुसरी चावी ठेवलेली. चिठ्ठी नाही. एक चमचा हललेला नाही.

इतकंच सांगायचं ठरवून मी मघाशी उठले होते. इतकंच नव्हतं. चावीशेजारी तुमच्या लग्नाचा फोटो उभा करून ठेवला होता, तोंड दाराकडे. काच पुसलेली. तो फोटो माझ्या कपाटात, रजयांच्या खाली असतो. इथे तो कोणी पाहिलेला नाही. कपाटात का, हे तू विचारशील. वहिनी विचारणार नाही.

बाईंना कदाचित म्हणायचं असेल, अहो, हा बाहेर ठेवा, आम्हाला काही वाटत नाही. हे मी खूप वेळ स्वतःला पटवत बसले. मग उठून दाराला आतून खुर्ची लावली. आता दिवसासुद्धा लावते. शुक्रवारी बाईंनी नेहमीसारखी गुडघ्याची चौकशी केली. कपाटातलं आणखी काय काय त्यांनी पाहिलं असेल, याच विचारात मी 'बरा आहे' म्हणून आत आले.

काल समोरचीला सगळं सांगितलं. लाज सोडून विचारलंही, चावी परत नेतेस का. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. थांबली नाही.

"ताई, तुम्ही भित्र्या आहात हे मला पहिल्याच दिवशी दिसलं. म्हणून तर तुमच्याकडे आले. इथे न घाबरणारे सगळे त्यांच्यातलेच." मग हसली. "राहू द्या हो. चोरायला आहे काय आमच्या घरात? नवऱ्याचं घोरणं?"

तिची चावी माझ्याकडेच आहे.

तर, गाव तसंच आहे का. शपथेवर सांग म्हणालास तर काय सांगू? कुणी काही केलं नाही, आणि मला माझ्याच घरात पाठ दाराकडे करून बसवत नाही. "येऊ नका" लिहायला कितीदा पेन टेकवलं. पण मग या लोकांना जे तोंडाने म्हणावंच लागत नाही, ते त्यांच्या वतीने मी म्हटलेलं होईल. आणि "या" लिहिलं, आणि वहिनी तान्ह्या बाळाला घेऊन घरात एकटी असताना... पुढचं हातून उमटत नाही.

हे पत्र वहिनीला वाचून दाखव. कपाटाचं वाक्य गाळू नकोस. यायचं की नाही ते तिला ठरवू दे; तिच्यासाठी भावा-बहिणीने ठरवायचं, हे बाईंसारखंच झालं. आलात तर दिवसाउजेडी या, थेट माझ्या घरी. मी रस्त्यावर येऊन उभी राहीन. माझे पाय कापताना दिसले तर तिने मनाला लावून घेऊ नये, ते तिच्यामुळे नसतील.

पत्र इथल्या पेटीत टाकत नाही. उद्या काकांच्या काचा आणायला शहरात जायचंय, तिथून टाकीन. उत्तर घरी पाठवू नकोस, दुकानावरही नको. मीच फोन करीन. हवापाण्याच्या पुढे काही बोलले नाही, तर जवळ कोणीतरी आहे असं समज.

तुम्हा दोघांची,
घाबरलेली आणि अजून इथेच असलेली,
ताई