पट्टीखालचा ठसा

अब्बा, तुम्ही नाण्यावर बसवून घेतलेली पट्टी काल मी कापून घेतली. राग तुमचा नव्हता. राग आला तो जावयाच्या मित्राचा. तो नाणी जमवतो आणि शुक्रवारी आमच्याकडे, इथे कुवेतात सलव्याला, जेवायला आला होता. नात पुढच्या आठवड्यात शिकायला बाहेरदेशी निघते आहे, म्हणून तुम्ही मला दिलेलं चांदीचं नाणं तिच्या गळ्यात घालायचं ठरलं होतं. मी त्याला तुमची गोष्ट सांगितली. पहिल्या महायुद्धात दादा, म्हणजे तुमचे वडील, हजला गेले, तेव्हा मक्का-मदिनेचा मुलूख, हिजाज, नुकताच तुर्कांपासून मोकळा झाला होता. नव्या राजाला स्वतःची नाणी पाडायला सवड नव्हती, म्हणून तुर्कांच्याच नाण्यांवर मुलखाच्या नावाचा ठसा मारून ती चालवली, आणि त्यातलं एक दादांनी घरी आणलं. मित्राने भिंग लावून नाणं उलटसुलट केलं. "साधं तुर्की नाणं आहे, आंटी. ठसा कुठंय? गोष्टी काय, सगळ्यांच्याच घरात असतात." माझी बिर्याणी दोनदा वाढून घेतल्यावर हे.

पट्टीखाली काय आहे, असं नातीने इंग्रजीत विचारलं. वॉर्डात मोठमोठ्या डॉक्टरांची उलटतपासणी घेतलेली बाई मी, 'ठसा' एवढंच म्हणून ताटं गोळा करायला लागले. कारण ठसा होता एवढंच मला आठवत होतं. तो मी कधी वाचलाच नव्हता.

बारा वर्षांची मी कॉन्व्हेंटमधून तडक तुमच्या कापडाच्या दुकानात येते. नाणं मी वर्गात दाखवायला नेलं होतं. इतिहासाच्या सिस्टरने ते बोटांच्या टोकांनी धरलं आणि म्हणाली, कुणीतरी ठोकून चांगलं नाणं बिघडवलंय. तुम्ही दोन गिऱ्हाइकांसमोर लुंग्यांचा गठ्ठा सोडताय. मी नाणं गल्ल्यावर आपटते आणि सांगते की दादांना जेद्द्याच्या बाजारात कुणीतरी फसवलं. तुम्ही हसता. नाणं माझ्यापुढे धरून ठशावर बोट ठेवता. "तूच वाच. अलिफ, लाम..." आणि मी म्हणते, "मी कॉन्व्हेंटात शिकते, मदरशात नाही." गिऱ्हाइकं हसली. तुम्ही नाणं खिशात टाकलं आणि लुंगीची घडी मोडून पुन्हा घातली.

पुढे नर्स होऊन मी कुवेतला निघाले, तेव्हा तुम्ही ते साखळीत ओवून दिलंत. नाण्याच्या मधोमध चांदीची जाड पट्टी, तिच्या वरच्या टोकाला कडी. मला बंदरावरसुद्धा गप्प बसवेना. सोनाराकडे केलं की लोहाराकडे, विचारलं. "मीच तशी सांगितली," तुम्ही म्हणालात. "आता कुणी विचारणार नाही." मला वाटलं, तुम्ही शेवटी सिस्टरचं म्हणणं मान्य केलंत. माझ्या शिक्षणाचा विजय झाला म्हणून मी मनातून खूशही झाले.

काल नातीला घेऊन मुबारकियाच्या बाजारात गेले. सोनार हैदराबादकडचा, वयस्कर. तो म्हणाला, डाग देऊन सांधलेल्या जागी खालचं काहीच उरत नाही, सोडून द्या. मी म्हटलं, कापा. त्याने बारीक करवतीने पट्टीच्या कडा सोडवल्या आणि भिंग डोळ्याला लावलं. "ज्याने केलंय ना बाजी, त्याने डाग फक्त पट्टीच्या कडांना दिलाय. मध्ये पोकळ ठेवलंय. ठशाला हात लावलेला नाही." इतक्या वर्षांत माझा घाम, साबण, डेटॉल, काही काही आत गेलं नव्हतं. ठसा कालच मारल्यासारखा. अलिफ, लाम, हे, जीम, अलिफ, झे: अल-हिजाज. मी वाचला, अब्बा, दुकानात मोठ्याने. नातीनेही माझ्यामागून एकेक अक्षर लावलं आणि चक्क मराठीत विचारलं, "मग झाकलं कशाला?"

माझ्यासाठी झाकलं, आणि माझ्यासाठीच शाबूत ठेवलं, हे मला तिथे स्टुलावर बसल्यावर कळलं. इतक्या वर्षांत एकदाही पट्टी उचकटून बघावीशी वाटली नाही मला, आणि तुम्ही मात्र मी बघेन असं धरून चाललात. मी सोनाराला पट्टी फेकू दिली नाही. कडी आता नाण्याच्या कडेला लावली आहे, ठसा पुढे. नात ते नाणं घालूनच झोपली. त्या मित्राला येत्या शुक्रवारी पुन्हा जेवायला बोलावलंय. बिर्याणी नाही, डाळभात.

हे पत्र पाठवायचं कुठे, ते तुमच्या पट्टीबरोबर डब्यात राहील. फक्त एक सांगायचं राहिलं. नातीला मी सांगितलं की माझा तुमच्यावर पहिल्यापासून विश्वास होता. करवत फिरत असताना मी डोळे मिटून घेतले होते, ते तिने पाहिलं असावं.