दादानं मला दिलेला अधिकार

मंगळवार, संध्याकाळ. धाराशिव

आज दादाचा कॉम्प्युटर उघडला. तो गेल्यापासून कुणी हात लावला नव्हता. सकाळी आई म्हणाली, "त्याच्यात त्याचा आवाज असंल का गं? एकदा ऐकव की."

दादा पोरांना लिनक्स ही कॉम्प्युटरची प्रणाली शिकवायचा, ते धडे रेकॉर्ड करून ठेवायचा. याच कॉम्प्युटरवर मला त्यानं वेगळं खातं दिलेलं. काळ्या पडद्यावर ओळीच्या शेवटी डॉलरचं चिन्ह. "डॉलर म्हणजे साधा माणूस. त्याच्या जागी हॅश (#) दिसला की मालक, काहीबी उघड, काहीबी पूस. तुला न्हाय मिळायचा तो," म्हणून हसायचा.

त्याचं फोल्डर उघडायला गेले, तर परवानगी नाकारली. मालक व्हायची आज्ञा मागं एकदा गमतीनं देऊन बघितली होती, तेव्हा नकारच आला होता. तरी आज पुन्हा दिली, माझाच पासवर्ड टाकला. आणि हॅश आला.

बघतच राहिले. हा अधिकार फक्त तोच देऊ शकत होता. कधी दिला? सोलापूरच्या दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी तो इथंच टाइप करत बसलेला. मी चहाला हाक मारली तर म्हणाला, "थांब गं, एक काम उरकतो." दुसऱ्या दिवशी निघताना मात्र आईला म्हणाला, "लवकर येतो." म्हणजे परत येणं होणार नाही, हे त्याला ठाऊक होतं? हॅश बघून हेच मनात येतंय.

आईला एक धडा लावून दिला. पासवर्ड कुणाला सांगायचा न्हाय, असं तो पोरांना बजावत होता. आई पडद्याजवळ सरकली आणि हळूच म्हणाली, "जेवलास का रं?"