माहेर दोघींचं एकच

२७ नोव्हेंबर

आली! ही पण आली! मी काल बोरीहून निघाले, आज दुपारच्या गाडीनं अक्का ताडकळसला हजर. पिशवीत डिंक, खारका, गोडंबी. कडेवर भागू. दारातूनच म्हणली, "पिंके, तू एकटी बाळंत व्हशील का काय!"

एकटीच तर व्हायचं होतं मला! नववा भरत आला तसं जिद्द करून माहेरी आले ते कशासाठी? हिच्यापासून पळून. पण मोठी जाऊ म्हणजे माझी सख्खी बहीण, हे विसरलेच होते जणू. आमा दोघी बहिणी दोघा भावांना दिलेल्या. बाकीच्या बायकांना सासरचा कंटाळा आला की माहेर असतं. माझं माहेर तेच तिचं माहेर. मी कुठं पळू?

मायनं धावत जाऊन तिच्या हातातली पिशवी घेतली. काल मी आले तर म्हणली होती, चपला तिकडं काढ.

२८ नोव्हेंबर

भागू माझा पोरगा हाय. चार वर्षांचा. सहा महिन्यांचा होता तवा मला टायफॉईड झाला. अक्कानं त्याला महिनाभर आपल्याजवळ झोपवला. तो महिना अजून संपला न्हाई! तिला आई म्हणतो. मला पिंकी. घरात सगळेच म्हणतात म्हणून.

आज माझ्या पोटाला हात लावून म्हणला, "पिंकी, हे बाळ आईचं हाय ना?"

कुणी शिकवलं ह्याला?

३० नोव्हेंबर

मायनंच!

डोक्याला तेल लावायली होती. लावता लावता म्हणली, "बारशाला बाळ तुझ्या अक्काच्या, दैवशालाच्या ओटीत घालू. जावयाशी बोलणं झालंय माझं."

बोलणं झालंय! बाळ माझ्या पोटात आणि बोलणं ह्यांचं!

मी म्हणलं, "भागू घेतलाय की तिनं."

"तो लळा हाय. थोरला देत न्हाईत कुणी. धाकटं असं चार बायकांसमोर रीतीनं द्यायचं. तिच्या लग्नाला अकरा वर्षं झाली, पिंके. किती दवाखाने केले. तुला काय, तुला आणखी होतील."

मी काय गाय हाय का? अर्धं डोकं तेलाचं तसंच ठेवून उठले.

जीवनला फोन लावला. माझा नवरा — नावालाच. म्हणलं, "तुमी ठरवलं हे?" तर म्हणतो, "वहिनीचं मन मोडू नको. बाळ जायलंय कुठं? एकाच घरात तर हाय." भागू पण एकाच घरात हाय! मला माहीत हाय एका घरात लेकरू कसं जातं ते. फोन ठेवून दिला.

एक माणूस माझ्या बाजूचं न्हाई. एक पण न्हाई.

१ डिसेंबर

मला ह्या घरात अक्कानंच आणली. "माझी पिंकी करा धाकट्याला," हा शब्द तिनंच टाकला होता. तवा वाटलं, काय बहिणीची माया! आता कळायलंय. सून म्हणून न्हाई, कूस म्हणून आणली मला.

तिच्या तोंडावर म्हणलं हे. भाकरी थापत होती. थापतच राहिली. म्हणली, "बोल. अजून काय असंल ते बोल, मोकळी व्ह."

असल्या माणसाशी भांडावं तरी कसं!

४ डिसेंबर

तिनं केलेला लाडू खाल्ला न्हाई. मग खाल्ला. लय चांगला झालाय, त्याचाच राग यायलाय.

९ डिसेंबर

झाली. काल पहाटे. मुलगी!

बसवत न्हाई तरी लिहायलेय, कारण हे मला विसरायचं न्हाई.

दवाखान्यात सिस्टर म्हणली, एकच बाई आत थांबा. मी माय, माय म्हणून ओरडायले. मायनं अक्काला पुढं ढकललं — "मला न्हाई बघवत, तूच जा." म्हणजे मला धरायला पण तीच! तिनं माझा हात धरला. मी सोडवला. कळ आली की मीच धरला, गेली की पुन्हा सोडवला. सिस्टरला हसू यायलं होतं.

मग सिस्टरनं तिला सहज विचारलं, "ताई, तुमाला किती?"

अक्का म्हणली, "एक हाय. चार वर्षांचा."

माझ्या अंगात आग गेली! मी बाळंत व्हायलेय आणि ही माझ्या उशाला उभी राहून माझा पोरगा आपल्या नावावर सांगायलीय! मी किंचाळले, "माझा हाय तो! माझा हाय!" सिस्टर घाबरली. अक्का शांत. म्हणली, "हां, तुझाच हाय. आता जोर लाव. भांडण मागून कर."

तिच्या मनगटाला चावले मी. कळ आली म्हणून न्हाई. मुद्दाम. लय जोरात.

तिनं हात काढला न्हाई.

बाळ पुसून सिस्टरनं कुणाकडं दिलं? तिच्याकडं! मला टाके घालायले होते आणि ही कोपऱ्यात उभी, माझी पोरगी छातीशी धरून. रडत होती. मी म्हणलं, "आण इकडं." आणून दिली. लगेच दिली, हे खरं हाय. लिहून ठेवते. पण दिली म्हणजे काय उपकार केले का?

११ डिसेंबर

घरी आणलं. बाजेखाली शेगडी, कान बांधलेले, अळीवाची खीर, शोपा, धुरी. घाम घाम! पंख्याला हात लावला की माय ओरडते. सगळ्या घरानं माझी सेवा लावलीय. पोसायलेत मला. कशासाठी ते मला माहीत हाय.

अक्का रोज अंग चोळते. तिच्या हाताला मी नावं ठेवू शकत न्हाई. चोळायली की झोप लागते, आणि झोप लागली की भीती वाटते. म्हणून पोरगी काखेत घट्ट धरून झोपते. मोरीत जाताना पण घेऊन जाते.

माय म्हणली, "येडी झाली का? पडंल की लेकरू!"

पडंल, पण माझ्या हातातून पडंल!

१४ डिसेंबर

माझे रक्ताचे कपडे अक्का हातानं धुवायलीय. थंडीत, हौदावर. मनगटावर माझ्या दाताचे वळ अजून काळेनिळे. शेजारची बाई म्हणली, "अशी बहीण नशिबानं मिळते गं."

घेऊन जा म्हणावं तुझ्या घरी!

कपडे धुतले म्हणून लेकरू द्यायचं असतं का? मी तिला धू म्हणलं होतं का? मीच धुते म्हणून उठले तर चक्कर आली. तिनंच धरलं. मेलं काही धड होऊ देत न्हाई मला.

१७ डिसेंबर

तिनं नाव पण ठरवून ठेवलंय. राजेश्री! आमच्या मावशीच्या वेळचं नाव! भागूकडून म्हणून घ्यायली होती — "तुझ्या बहिणीचं नाव काय?" तो बोबडं बोबडं म्हणायला आणि ती हसायली. मी दाराआडून बघत होते. किती दिवसांनी हसली ही, असं वाटलं एकदा. मग माझाच मला राग आला.

परवा बारसं. काय करायचं ते मी ठरवलंय.

१९ डिसेंबर

केलं.

गल्लीतल्या सगळ्या बायका जमल्या होत्या. पाळणा सजवलेला. जीवन आणि दाजी बोरीहून आले होते. अक्काचे मालक ते माझे दाजी, लय गरीब माणूस. त्यांनी अक्काला नवी साडी आणली होती, मोरपंखी. मायनं पाट मांडला, अक्काला बसवलं, तिचा पदर पसरला. आमाला नणंद न्हाई, म्हणून कानात नाव सांगायचं पण तिनंच.

बायकांनी बाळ पाळण्याच्या खालून-वरून फिरवलं, ह्या हातातून त्या हातात. मी बाजेवरून बघायले. शेवटी अक्काच्या पदरात आलं. ती वाकली. तिचं तोंड बाळाच्या कानाजवळ गेलं आणि मी उठले. टाके ताणले, ताणू दे. तिच्या ओटीतून पोरगी उचलली आणि ओरडले —

"एक चोरलाय हिनं माझा! ही न्हाई चोरू देणार!"

एक म्हातारी म्हणली, "बाळंतवात झाला गं पोरीला." मी म्हणलं, वात न्हाई, अक्कल आलीय. आणि मोठ्यानं सांगितलं, "हिचं नाव ईश्वरी. ऐकलं का सगळ्यांनी? ईश्वरी!"

माय कपाळाला हात लावून बसली. जीवन खाली बघायला. दाजी उठून बाहेर गेले. अक्काचा पदर तसाच पसरलेला होता. तिनं तो हळूच गोळा केला, उठली, आणि बायकांना घुगऱ्या वाटायली.

जिंकले मी! जिंकले!

२० डिसेंबर

अक्का गेली. सकाळी सकाळी, दाजीसोबत. माझ्याशी बोलली न्हाई.

भागूला ठेवून गेली! तो झोपलेला होता. त्याचे कपडे धुऊन घड्या करून ट्रंकेवर. मायजवळ सांगून गेली — "दोघं तिचीच हायत. पुन्हा चोरी म्हणायला नको कुणी."

बरं झालं! चार वर्षांनी का होईना, शुद्ध आली. दोन्ही लेकरं माझ्या बाजेवर. माय बोलत न्हाई माझ्याशी. नको बोलू. मीही न्हाई बोलणार.

२१ डिसेंबर

भागू दारात बसलाय. सकाळपासून. बस वाजली की उभा राहतो. भात कालवला तर ताट ढकललं. "आई देती तसा न्हाई." मी म्हणलं, आई कसा देती? तर सांगता येईना त्याला, रडायलाच लागला. मला काय माहीत कसा देती! दूध घालते का, तूप घालते का, गोळे करते का? माझ्या पोटचा पोरगा आणि मायला विचारावं लागलं. मायला पण माहीत न्हाई.

एक चापट मारली त्याला. नको मारायला पाहिजे होती.

२२ डिसेंबर

अंग गरम हाय त्याचं. पाणीसुद्धा घेईना. जवळ घ्यायला गेले तर माझ्या हातातून सुटून भिंतीकडं तोंड करून झोपला. ईश्वरी ह्या बाजूला रडायली, तो त्या बाजूला. मी मधी.

२३ डिसेंबर

अक्काला फोन केला. म्हणलं, "ये." म्हणली, "न्हाई येत, पिंके. एकदा त्याला झोपेत टाकून निघाले. दुसऱ्यांदा माझ्यानं व्हायचं न्हाई."

जीवनला गाडी घेऊन बोलावलंय. माय दारात आडवी उभी — सव्वा महिना झाला न्हाई, ओली बाळंतीण उंबरा ओलांडती का कुठं! सव्वा महिना गेला उडत. पोरगी माझी हाय, ते बोरीत जाऊन तिच्या तोंडावर पुन्हा सांगीन. आणि भागूला माझ्या हातानं तिच्या ओटीत घालीन.