मार्तंडराव मागच्या बाकावर बसतात

८ जुलै १९४६, सोमवार
सगळे मास्तर माझ्यावर उखडलेत! इथेच मास्तरचा हेडमास्तर होऊन महिना नाही झाला आणि मी नियम काढला — आठवड्यातून एक तास प्रत्येकानं दुसऱ्याच्या वर्गात मागच्या बाकावर बसायचं, आणि तास सुटल्यावर बरं काय, कच्चं काय ते तोंडावर सांगायचं. निम्मी पोरं नापास होतात, आणि आम्हाला एकमेकांचं शिकवणं ठाऊकच नाही!

मार्तंडराव गणिताचे, सव्वीस वर्षं या शाळेत. छत्री उचलून म्हणाले, "माझ्या वर्गात इन्स्पेक्टर येतो तेवढा बास. दुसरं कोणी येणार न्हाई." मोठा गोड माणूस, पण हट्टी! ते वळले नाहीत तर बाकीचे कशाला ऐकतील?

१० जुलै
प्रेमलाला सगळं ऐकवलं. "आधी तुमच्या वर्गात बसवा की त्यांना," एवढंच म्हणाली. बायको माझ्यापेक्षा हुशार आहे. तिला सांगितलं नाही, इथे लिहितो.

१५ जुलै, सोमवार
मार्तंडराव माझ्या इंग्रजीच्या तासाला बसले! मी अगदी रंगात येऊन शिकवलं. आता शाबासकी येणार म्हणून उभा राहिलो —

"आवाज खणखणीत आहे तुमचा. पण तुम्हीच विचारून राह्यले अन् तुम्हीच सांगून राह्यले! पोरगं तोंड उघडेस्तोवर तुमचं उत्तर तयार. मंग ते कशाला बोलतंय? जरा थांबत जा, हेडमास्तर. जल्दी कशाची?"

वरवर हसलो. जेवण गेलं नाही.

१८ जुलै
थांबलो! प्रश्न टाकला आणि ओठ घट्ट मिटून खिडकीबाहेर पाहत राहिलो. शेवटी मस्तगड मोहल्ल्यातला धर्मराज उठला — ज्याला मी गेल्या वर्षापासून ठोंब्या समजत आलो — आणि त्यानं बिलकुल बराबर उत्तर दिलं. माझीच मला लाज वाटली. आनंदही झाला, फार.

१ ऑगस्ट, गुरुवार
मार्तंडरावांनी आपण होऊन बोलावलं! "या, बसा. पण खरं सांगायचं."

बसलो. गणित सुरेख सोडवतात, पण सगळं फळ्याकडे तोंड करून. अंगाआड काय लिहिलं ते कोणालाच दिसत नाही. भीतभीत सांगितलं. त्यांनी हातावरचा खडू झटकला. मग म्हणाले, "सव्वीस वर्षांत कोणी सांगितलं न्हाई हो!" आणि असे हसले की मला त्यांना मिठीच मारावीशी वाटली. उद्या निजामी राज्यातली शुक्रवारची सुट्टी. शनिवारपासून आणखी चौघे मास्तर एकमेकांकडे बसायला तयार आहेत.

९ ऑगस्ट, शुक्रवार
प्रेमला भाजी निवडत होती. नेहमीसारखं विचारलं, "जालन्यात करमतं ना तुला?" एरवी पुढचं "करमणारच!" मीच म्हणून टाकतो. आज थांबलो.

पुष्कळ वेळानं म्हणाली, "न्हाई."

नऊ वर्षं झाली लग्नाला.